तुमचे रिपोर्ट माझे होते

दाजी, तुमचा तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्कानं तुमची कंपनीची फाईल माझ्या पुढ्यात आणून ठेवली. चहासुद्धा विचारला नाही. तुला ह्यातलं कळतंय, बघ, एवढंच म्हणाली. वर तुमचा फोटो होता, कंपनीत लागलात तेव्हाचा, मिशा काळ्याभोर. त्याखाली सात वर्षांचे मेडिकलचे रिपोर्ट, सहा महिन्यांना एक, टाचणीनं लावलेले. तुमचं नाव, तुमचा टोकन नंबर, आणि लघवीच्या रकान्यात पहिला एक सोडला तर प्रत्येक वेळी नॉर्मल. मी पानं उलटत होतो आणि आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. ती लघवी माझी आहे, दाजी. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला. घरात तिसऱ्या कुणाला नाही. आणि तुम्ही तर निघून गेलात.

आक्काला काय हवं होतं ते सांगतो. तुम्ही गेल्यापासून गावात जो तो एकच बोलतोय, तंबाखूनं खाल्लं म्हणून. तुमच्या इनामगावच्या स्मशानात, तुमची चिता पेटलेली असताना, हातावर तंबाखू मळत मळत माणसं हे बोलत होती. आक्काला ते सोसत नव्हतं. आजार कामामुळे झाला असं कंपनीनं लेखी द्यावं, एवढंच तिचं म्हणणं. त्यातून पुढं काही मदत मिळाली तर मिळाली, पण आधी तो कागद. म्हणून ती मला घेऊन ऑफिसात गेली.

साहेब वाईट माणूस नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं, तुमच्याबद्दल दोन शब्द चांगले बोलला. मग तीच फाईल तिच्याकडं वळवली. "ताई, हे बघा. सुरुवातीला एकदाच खराब आलाय. नंतर सगळे क्लिअर आहेत. आणि तुमचे भाऊ त्याच सेक्शनला आहेत, तितकीच वर्षं. त्यांना काही झालंय का? मालामुळे झालं असतं तर दोघांना झालं असतं." मग हळूच विचारलं, तंबाखू होती ना त्यांना?

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी बोलेन असं तिला वाटलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होतो. मी नुसता धडधाकट बसलो होतो, तेवढ्यानं तुमची बाजू पडली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, तू कसा गप बसलास रे. मी म्हणालो, साहेबांपुढं काय बोलायचं.

तुम्हीच मला तिथं चिकटवलंत. आयटीआय करून मी आमच्या राहू गावी घरी बसलो होतो, आणि बापानं रोज टोमणे मारायचे. तुम्ही आलात, माझी पिशवी स्वतःच्या गाडीला अडकवलीत आणि म्हणालात, चला पाव्हणं. खुशीत असलात की मी पाव्हणं आणि अहो-जाहो, काळजीत असलात की नुसता दत्ता. दौंडच्या त्या एका खोलीत आपण आठवडाभर राहायचो आणि सुट्टीला आपापल्या गावी जायचो. स्वयंपाक तुमचा, भांडी माझी. रश्श्यात तिखट घालताना तुमचा हात कधी आखडला नाही. आणि मी नाकातनं पाणी काढत जेवलो की तुम्ही खूष. बहिणीचा नवरा म्हणून आदर ठेवायचा की घासलेटचा डबा पायानं उडवतो म्हणून भांडायचं, हे मला शेवटपर्यंत नीट जमलं नाही.

कामाचं आक्काला कधी सविस्तर सांगितलं नाही आपण. रंगाच्या कारखान्यांना लागणारी पिवळट पावडर, तिला सगळी कंपनी नुसतं 'माल' म्हणायची. रिअॅक्टरच्या तोंडात पोती ओतायची ती आपण दोघांनी. मास्क असायचा, पण उन्हाळ्यात त्याच्या आत घाम साचून श्वास कोंडायचा. मग तो गळ्यात. तळहात पिवळे, बनियन काखेत पिवळं. त्या हातानं तुम्ही तंबाखू मळायचा. तंबाखू दाढेत धरली की मालाचा वास लागत नाही, हा तुमचा शोध. मी कंपनी देते तो गूळ खायचो. गूळ पोटातला माल बांधून बाहेर नेतो, हा माझा शोध, म्हणजे सगळ्या सेक्शनचाच. सात वर्षं आपण ह्यावर वाद घातला. तुम्ही म्हणायचात, गुळानं मुंग्या येतात, बाकी काही होत नाही. मी म्हणायचो, बघू कोण टिकतं ते. दाजी, ते वाक्य मला आता परत घेता येत नाही.

आणि पाणी. तुम्ही शिफ्टमध्ये पाणीच प्यायचा नाहीत. संडासाला जायचं म्हणजे अंगावरचा कामाचा सगळा सूट उतरवा, परत चढवा, त्यात सुपरवायझर घड्याळ बघणार. आठ-आठ तास तुम्ही दाबून धरायचात आणि वर फुशारकी, मेंढरं राखणाऱ्याचं मूतपिंड हाय, काठोकाठ भरलं तरी सुटत न्हाई. मी दर तासाला पळायचो. तुम्ही मला नळ म्हणायचात.

पहिल्या वर्षी मेडिकलमध्ये तुमची लघवी खराब आली. लाल पेशी दिसल्या, असं कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं. बाकी काही समजावलं नाही. तुम्हाला सेक्शनमधून काढून पॅकिंगला बसवलं. तीन महिने तुम्ही खोक्यांना पट्ट्या लावल्यात. कायम होणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव पुढं होतं, ते मागं गेलं. लोक विचारायचे, काय दाजी, रगात मुततोय म्हणं? तुम्ही हसायचात, पण खोलीवर आल्यावर भाकरी अर्धी टाकून उठायचात. तुम्ही परत सेक्शनला आलात आणि पुढच्या मेडिकलच्या आदल्या दिवशी, कांदा चिरता चिरता मला म्हणालात, "पाव्हणं, तुमची लई साफ येती. उद्या माझीबी भरा की."

मी हसलो. खरं सांगतो, मला त्यात गंमतच वाटली. आणि अभिमानही वाटला, तो कशाचा तर मुताचा. मेडिकल म्हणजे कँटीनच्या मागं दोन मोऱ्या, मधली भिंत छातीएवढी. बाटलीवर नाव घालून द्यायचे आणि आत कोण काय करतंय हे बघायला कुणी नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असा कारभार. तुमची बाटली भिंतीवरून माझ्याकडं यायची, भरून परत जायची. पहिल्या वेळी तुम्ही पलीकडून म्हणालात, जरा जास्त भरा, कंजुषी नगं. पुढं तर ते इतकं अंगवळणी पडलं की मेडिकलच्या दिवशी मी सकाळी एक तांब्या जास्त पाणी प्यायचो. त्या वर्षी तुम्ही कायम झालात. पेढे आणलेत. सेक्शनमध्ये कुजबूज झालीच असणार, कारण पुढं आणखी दोघा-तिघांनी मला विचारलं. त्यांना मी नाही म्हणालो. तुम्ही घरचे होतात.

मग तुम्हाला उन्हाळी लागायला सुरुवात झाली. जळजळ व्हायची, आणि कधीकधी लालसर. आपल्याकडं त्याला उन्हाळीच म्हणतात आणि धन्याचं पाणी पितात. तुम्ही धन्याचं पाणी प्यालात, सब्जा प्यालात, आक्कानं गोखरूचा काढा पाठवला. कमी व्हायचं. परत यायचं. पावसाळ्यातसुद्धा उन्हाळी कशी, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मालाची गरमी. मला ते पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं, कारण त्याच महिन्यात मी तुमच्या नावावर साफ लघवी दिली होती.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो तोवर मूत्राशयातली गाठ भिंतीबाहेर गेली होती. ती डॉक्टरीण आठवते? केस पांढरे, आवाज मऊ, पण प्रश्न एकेक वकिलासारखे. काय काम करता, कुठला माल, हात धुता का, तंबाखू कोणत्या हातानं मळता, पाणी किती पिता. शेवटी मीच विचारलं, मॅडम, आम्ही दोघं एकाच पोत्यातला माल ओततो, मग मला का नाही?

तिनं कागदावर काढून दाखवलं. असला माल अंगात गेला की शरीर त्याची मोडतोड करून तो बाहेर टाकतं. पण काही माणसांचं शरीर ते भरभर करतं, काहींचं सावकाश. हे जन्मतःच असतं, आईबापांकडून आलेलं. सावकाश असणं म्हणजे आजार नव्हे, कमजोरी नव्हे. कितीतरी माणसं तशी असतात आणि आयुष्यभर त्यांना कळतही नाही, कारण त्यांच्या वाटेला असला माल येत नाही. ज्याच्या येतो, त्याच्या मूत्राशयात तो विषारी अवस्थेत जास्त वेळ थांबतो. त्यात पाणी कमी, दाबून धरणं, मालाच्या हातानं तंबाखू. तंबाखूचाही वाटा आहे, असं ती स्पष्ट म्हणाली. कशाचा किती, हे कुणाला वेगळं काढता येणार नाही. आणि माझ्याकडं वळून म्हणाली, तुमचं शरीर भरभर करणारं असेल किंवा नसेलही, तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. तुम्ही निर्धास्त राहू नका.

तुम्ही मात्र एकदम खुललात. तुम्हाला आबांची मेंढरं आठवली. म्हणालात, बाई, आमच्या म्हाताऱ्याला हे ठावं व्हतं. एकाच रानात चरलेल्या मेंढरातली दोन फुगून मरतात, बाकीच्यांना काय होत न्हाई. आबा म्हणायचा, पाल्याला दोष देऊ नगा, वाण बघा. आन् वाणाला दोष देऊ नगा, त्याला त्या रानात न्यायचं न्हाई. डॉक्टरीण हसली. म्हणाली, तुमच्या वडिलांना आमच्याकडं शिकवायला बोलवायला हवं होतं.

मग तिनं विचारलं, "कंपनीत लघवी तपासत नाहीत का? हे काही एका वर्षात झालेलं नाही. सुरुवातीला दिसलं असतं तर गाठ लहान असतानाच काढता आली असती."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि सांगू नको म्हणून मान हलवलीत. इतकी थोडी की फक्त मलाच दिसावी.

"तपासत्यात की," तुम्ही म्हणालात. "साफ यायची."

तिनं ते लिहून घेतलं. तिच्याही कागदावर आता ते आहे.

परत येताना एसटीत तुम्ही खिडकीला बसला होतात. यवत गाव मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणालात, "दत्ता, हे कुणाला सांगायचं न्हाई. तुझ्या आक्काला तर मुळीच न्हाई. माझं व्हायचं ते झालं, तुझी नोकरी हाय." मी हो म्हणालो. तुम्ही माझ्या मांडीवर थाप मारलीत. एवढाच आपला करार.

दाजी, मला तुमचा राग येतो. हे लिहायला नको होतं, पण येतो. तुम्ही माझी नोकरी वाचवलीत आणि मला ह्या नोकरीत कोंडून ठेवलंत. बोललो तर तुमचा शब्द मोडतो, तुम्ही खोटे ठरता, माझी नोकरी जाते, आणि साहेब म्हणायला मोकळा, फसवणाऱ्याला कसला कागद. नाही बोललो तर माझी सात वर्षांची साफ लघवी तुमच्या नावावर कायमची राहते आणि तंबाखूनं खाल्लं हे खरं होऊन बसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि ह्या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट आहे जी मी एसटीतसुद्धा तुम्हाला म्हणालो नाही. त्या तपासणीच्या मशीननं, कंपनीच्या त्या डॉक्टरनं तुम्हाला एकदा पकडलं होतं. वेळेवर पकडलं होतं. त्यांच्या हातून तुम्हाला सोडवलं ते मी. तुम्ही मागितलंत हे खरं, पण देणारा मी होतो. कधीतरी एकदा तरी नाही म्हणालो असतो तर.

मी हे सगळं तसंच गिळून बसलो असतो, खोटं कशाला बोलू. पण गेल्या आठवड्यात मेडिकलची नोटीस लागली. तुमच्या जागी बिहारकडचा एक माणूस आलाय, चाळिशीचा, कामाला वाघ. त्याचे तळहात आता पिवळे पडायला लागलेत. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याशेजारी येऊन बसला, त्याच्या डब्यातलं लोणचं मला वाढलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "भाईसाब, सब बोलते हैं आपका हमेशा साफ आता है. इस बार मेरा भी भर दो ना."

मी विचारलं, क्यों, क्या तकलीफ है. तो म्हणाला, कुछ नहीं, थोडी जलन होती है, गर्मी का है.

मी डबा बाजूला सारला. त्याला म्हणालो, अपना देना, और आज ही दवाखाने जा. त्याचं तोंड उतरलं. त्याला वाटलं मला लोणचं कमी पडलं. उठून गेला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याची भीती मला माहीत आहे, तुमच्या तोंडावर बघितलेली आहे. त्याला कुणीतरी कायमचं पॅकिंगला बसवील आणि तो मला शिव्या घालील. घालू दे. त्याच दिवशी मी साहेबांना अर्ज लिहायला कागद घेऊन बसलो.

काल दुपारी इनामगावला गेलो. आक्का ओट्यावर तूर निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. भिंत, बाटल्या, सात वर्षं, डॉक्टरणीच्या खोलीतली तुमची मान, एसटीतला शब्द, आणि खिशातला अर्ज. ती निवडत राहिली. माझं संपलं तेव्हा तिनं एकच विचारलं, पहिल्यांदा खराब आली तवाच नीट दाखवलं असतं तर? मी म्हणालो, गाठ लहान असताना काढता आली असती म्हणाली डॉक्टरीण. आणि तंबाखू? मी म्हणालो, तिचाही वाटा आहे, मालाचाही आहे, त्यांच्या शरीराचाही आहे, आणि माझाही.

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि अर्ज मागितला. ओळीखाली बोट ठेवून वाचला. वेळ लागला. मी त्यात लिहिलं होतं की माझ्या मेहुण्यांच्या नावानं मी स्वतःची लघवी देत होतो, तरी ते रिपोर्ट त्यांचे धरू नयेत. खाली सही.

"ह्यात ह्यांनी मागितली असं कुठं न्हाई," ती म्हणाली.

मी म्हणालो, माणूस गेलाय आक्का, त्याला कशाला फसवणाऱ्यात ओढायचं.

"तू एकटा कसा फसवशील? बाटली ह्यांनी दिली तवाच तू भरली. खरं लिहायचं तर पुरतं लिही. न्हाईतर लिहू नगं."

मी तिथंच ओट्यावर बसून लिहिलं. माझे मेहुणे आणि मी, आम्ही दोघांनी मिळून, असं लिहिलं. तुमचं पूर्ण नाव, टोकन नंबर. तुम्हाला दिलेला शब्द मी तुमच्याच दारात मोडला, दाजी. उद्या अर्ज साहेबांच्या टेबलावर जाईल. आक्काला हवा तो कागद मिळेल असं मला वाटत नाही. माझं काय होईल तेही दिसतंच आहे.

मी अर्ज तिच्या हातात दिला. तिनं तो पुन्हा वाचला आणि घडी घालता घालता थांबली. माझ्यावर ओरडेल, उंबऱ्यातून हाकलून देईल, म्हणून मी तयार होतो. तिचा आवाज मात्र अगदी साधा होता, काल परवाची गोष्ट सांगावी तसा.

"शेवटच्या दिशी चिमूटभर तंबाखू मागत व्हते," ती म्हणाली. "असा हात पुढं करून. मी म्हनलं, हिनंच खाल्लं तुम्हाला, आन् पुडी खिडकीतनं फेकून दिली. तू तिथंच बसला व्हतास, दत्ता."

होय, दाजी. मी तिथंच बसलो होतो.